सरांची वजाबाकी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं पत्र आलं. स्नेहसंमेलनं, खो-खोची ढाल यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते इतिहासाच्या सरांवर. नाव देत नाही, आमच्या काळातल्या कुणालाही ते सांगावं लागणार नाही.

एकदा तपासणीला साहेब आले होते. "समाजसुधारणा कुणामुळे झाल्या?" त्यांनी विचारलं. आमच्यातल्या एकाने गाईडातलं उत्तर घडाघडा म्हटलं, इंग्रज सरकारने अनिष्ट रूढी कायद्याने बंद केल्या. साहेब खूश. सरांनी मात्र त्याला फळ्याकडे बोलावलं.

"1891 लिही. खाली 1860. वजा कर."

"31, सर."

"1860 च्या दंडसंहितेत मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं कायद्याने ठरवलेलं वय, 10 होतं, 1891 मध्ये 12 झालं. म्हणजे 2 वर्षं वाढवायला सरकारला 31 वर्षं लागली. आता आपल्या साताऱ्याचं बघ. एप्रिल 1848 मध्ये आप्पासाहेब महाराज वारले. दत्तक नामंजूर झाला आणि वर्षभरात राज्य खालसा! तेव्हा नाही कुणी रयतेच्या भावना विचारल्या."

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे सरकारने काहीच केलं नाही म्हणता?"

"केलं की. 1829 ला सतीबंदी केली, पण त्याआधी राममोहन रॉय किती वर्षं लिहीत होते! 1857 नंतर तर सरकार हबकलंच. राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हात घालणार नाही असं कबूल करून बसलं. पुढे रेटा आल्याशिवाय हललं नाही. आणि आपली माणसं तरी कुठे एकमताची? संमतिवयाच्या कायद्याला टिळकांचा विरोध, आपल्या टेंभूच्या आगरकरांचा पाठिंबा."

तासाची घंटा झाली तरी सर थांबले नाहीत. मूळचे आपल्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले. त्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं. 1911 मध्ये गोखल्यांनी त्याचंच विधेयक आणलं, ते सरकारी बाकांनी पाडलं. शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र 1917 मध्ये तसा कायदा केलासुद्धा. पैसा नाही, ही सरकारची सबब सरांना कधीच पटली नाही.

दर 7 नोव्हेंबरला सर आम्हाला राजवाड्याकडच्या प्रतापसिंह हायस्कुलापर्यंत चालवत नेत. 1900 साली याच तारखेला तिथे आंबेडकरांचं नाव दाखल झालं. "राज्य इंग्रजांचं, शाळा सरकारी, आणि या पोराला बसायचं पोतं घरून आणावं लागायचं," एवढंच बोलून सर परत फिरत. वाटेत कुणी दंगा केल्याचं मला तरी आठवत नाही.

पुढे मी वकील झालो. जिल्हा न्यायालयात बरी प्रॅक्टिस चालली, दोन्ही मुलं मार्गी लागली. अजूनही नवा कायदा आला की कलमांआधी मी अंमलबजावणीची तारीख बघतो. ही खोड सरांची.

त्यांच्या तासाची खोली आता संगणक कक्ष झाली आहे. असू दे. पण नातीची इतिहासाची प्रश्नपत्रिका पाहिली, तर निम्मे गुण जोड्या लावण्याला. 1829 समोर सतीबंदी, 1856 समोर विधवाविवाह. मधल्या 27 वर्षांत काय झालं, ते विचारायला जागाच नाही.

सरांच्या नावाने इतिहासाचं एक बक्षीस सुरू करण्यासाठी संस्थेकडे रक्कम जमा केली आहे. ते जोड्या लावून मिळालेल्या गुणांवर देऊ नये, अशी अट पत्रात घातली आहे. मुख्याध्यापकांचं उत्तर अजून आलेलं नाही.