दोन भिंतदिवे, दोन मुलामे

पॅरिसला लागून असलेल्या सँतुआँच्या जुन्या बाजारातून मी फ्रेंच राजा सोळाव्या लुईच्या शैलीतील, मेणबत्त्यांच्या भिंतदिव्यांची एक जोडी घेतली, तेव्हा ती अठराव्या शतकातील असल्याचे विक्रेत्याने ठामपणे सांगितले होते. काजळी आणि जुने मेण यांनी दोन्ही दिवे काळवंडलेले होते. आई फोनवर म्हणाली, "चिंच लावून घास, समईसारखे लखलखतील." मी ऐकले नाही, हे बरे झाले, कारण सोन्याच्या मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आम्ल खालच्या ब्राँझपर्यंत पोचते आणि घासल्याने सोनेच निघून जाते.

धातूच्या जुन्या वस्तूंचे जतन करणाऱ्या एका जाणकार बाईंकडे बसून मी दिव्यांचा एकेक स्क्रू काढला. फांद्या, मेण झेलणाऱ्या वाट्या आणि भिंतीलगतची पाटी वेगळी करून डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबण व मऊ कुंचला यांनी प्रत्येक भाग धुतला. यात तीन दिवस गेले.

पहिल्या दिव्याची पाटी उलटी केली तेव्हा मागे बहुतेक उघडे ब्राँझ आणि कडांवर सोन्याचे वेडेवाकडे ओघळ दिसले. ही पाऱ्याच्या मुलाम्याची खूण होती. सोने पाऱ्यात मिसळून केलेला लगदा दर्शनी भागावर लावून तापवला की पारा वाफ होऊन जातो आणि सोने धातूला धरून राहते. मग काही भाग अकीक दगडाने घोटून चकचकीत करतात, उरलेला मंदच ठेवतात. ती वाफ श्वासात घेऊन कारागीर अकाली मरत. आंतवान-आंद्रे राव्रिओ या ब्राँझकाराने 1814 मध्ये मरताना यावर उपाय शोधणाऱ्यासाठी 3000 फ्रँक ठेवले होते, आणि धूर ओढून नेणाऱ्या भट्टीसाठी ते बक्षीस पुढे दार्से या रसायनशास्त्रज्ञाला मिळाले.

दुसऱ्या दिव्यावर मात्र मागेपुढे सारखाच, पातळ पिवळा थर होता. हा विजेच्या साहाय्याने द्रावणात बुडवून दिलेला मुलामा. त्याचे एल्किंग्टन या इंग्रज उत्पादकांचे पेटंट 1840 चे, आणि पॅरिसच्या क्रिस्तोफ्ल कंपनीने फ्रान्समधील हक्क घेतले ते 1842 मध्ये. म्हणजे हरवलेल्या जोडीदाराची जागा भरायला कोणीतरी नंतर केलेली ही नक्कल असावी. विक्रेत्याचा शब्द तिथेच संपला.

रंगीत व्हार्निशने दुसरा दिवा पहिल्यासारखा करता येईल, असे बाईंनी सुचवले, पण मी नको म्हटले. दोन्ही दिवे बैठकीच्या भिंतीवर आहेत, आणि उजवीकडचा थोडा जास्त पिवळा दिसतो.