मोहाखालचा कॅमेरा

मोह रात्रभर गळतो, म्हणून वेचायला पहाटेच जावं लागतं. उशीर केला तर चितळं नाहीतर अस्वल येऊन जातं. आमचं गाव ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे वाघांच्या राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यात. चैत्र लागला की आई शेजारच्या बायांसोबत टोपली घेऊन फटफटताच निघते.

२०१८ च्या व्याघ्रगणनेच्या वेळी आमच्या मोहाजवळच्या पाऊलवाटेवर दोन ट्रॅप कॅमेरे लागले, एक या झाडाला, एक समोरच्या. दोन कशाला? वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगाशी जुळत नाहीत. दोन्हीकडून फोटो निघाला तरच तो कोणता ते नक्की कळतं. गार्डनं हे समजावलं तेव्हा आई म्हणाली, "मंग माहे बी दोन्हीकून निंगत असन?"

निघणारच. समोरून ऊब सरकली की कॅमेरा टिपतो. ती ऊब वाघाची की वाघाच्या भीतीनं जीव मुठीत धरून चाललेल्या बाईची, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

त्या वर्षी देशभरातल्या अशा कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर फोटो काढले. वाघाचे त्यात ७६,६५१. मी हा आकडा आईला वाचून दाखवला, तर ती म्हणे, "अन् माहा लुगडं खोचलेला कोन्या सायबानं पायला?"

खरी गोम इथंच होती. जंगल म्हणजे बायांची अशी एकच जागा, जिथं सासूचा डोळा पोचत नव्हता. तिथं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायचं, मोठ्यानं गायचं, नवऱ्याला मनसोक्त शिव्या घालायच्या. कॅमेरे लागले आणि आई त्या वळणावर पदर सावरून, नीट बाईसारखी चालू लागली. वीस पावलं पुढं गेली की शिव्या पुन्हा सुरू. (त्यातल्या काही मी ऐकल्यात. चांगल्या आहेत.)

आता तिच्या कमरेला मोबाइलही असतो. अस्वलाला आधीच चाहूल लागावी म्हणून त्यावर भजन लावते. पूर्वी हेच काम गळ्यावर व्हायचं. परवा मात्र तिनं मधेच भजन बंद केलं. नाल्याकडून वानर खेकसलं होतं, आणि दुसऱ्यांदा तसंच. ओरडून गप्प झालं तर ते वानरांचं आपसातलं भांडण. थांबून थांबून खेकसत राहिलं तर खाली कोणीतरी आहे. बाया अर्धी टोपली घेऊन उलट्या पावली परतल्या.

दहा वाजता गावच्या ग्रुपवर निरोप आला : नाल्याकडे वाघाचा वावर आहे, सावध राहा. आई तेव्हा अंगणात मोह वाळत घालत होती. मी वाचून दाखवलं. "सांग त्यायले," ती म्हणाली, "वानरानं साडेपाचलेच सांगतलं."

कॅमेरे कायमचे नसतात, महिना-दीड महिन्यानं सोडून नेतात. यंदा मी तिच्यासोबत गेलो, तर खोडावर काहीच नव्हतं, फक्त पट्ट्याचा फिकट वळ. आईनं तिथं येताच पदर सावरला.

"कॅमेरा नाही ना आता," मी म्हटलं.

"मालूम हाये," ती म्हणाली, आणि वळण संपेपर्यंत तशीच चालली.