वाकळ शिवताना काय विचारू नये

पूर ओसरला की दारात भिजक्या कापडाचे ढीग पडतात. २०१९ च्या ऑगस्टात बेळगाव-निपाणीकडच्या वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच पात्राबाहेर आल्या होत्या. अशा वेळी मदतीला येणारी मंडळी मनावरचा भार हलका करायला म्हणून कागद आणि रंगपेट्या घेऊन येतात. मुलांना ते चालतं. पण शाळेची पायरी न चढलेल्या साठीच्या आक्काच्या हातात पेन्सिल दिली, तर तिला परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं. तिच्या हाताला सुई ठाऊक असते. म्हणून मोठ्या बायकांसाठी वाकळच, म्हणजे जुन्या कापडांची गोधडीच बरी. शेजारची कन्नड बोलणारी बाई तिलाच कौदी म्हणते, टाका दोघींचा एकच.

पुरातलं लुगडं आधी नुसत्या पाण्यात भिजवायचं आणि तळाला गाळ बसायचा थांबेपर्यंत तीन-चार पाणी बदलायचं. घाईनं साबण लावला तर माती धाग्यातच राहते, सुई कुरकुरते आणि लवकर बोथट होते. बुरशीचे काळे डाग निघत नाहीत, तेवढं कापून टाकावं. सुरुवातीला अख्खी वाकळ काढू नका, दीड फूट चौरस पुरे. आत सुती कापडाचे दोन थर, वर ठिगळं. पॉलिएस्टरची साडी आत घातली की सरकते. आधी कच्चा दोरा मारून थर बांधायचे, मग कडेनं फिरत मधे यायचं. कच्चा दोरा टाळला तर सगळा झोळ मध्यात गोळा होतो. दोरा हातभरच घ्यावा; लांब दोऱ्याची गाठ बसते आणि आधीच रात्र-रात्र जागलेली बाई त्या गाठीपाशी शिवण टाकून देते.

एका बैठकीला आठ बायका, सांभाळायला दोघी, वेळ दीड तास. जेवणं उरकल्यानंतर आणि गाई-म्हशींच्या धारेच्या आधी. निपाणीकडं विड्या वळायची मजुरी दर हजार विड्यांवर असते, म्हणजे बसवलेल्या प्रत्येक तासाची मजुरी बुडते. ती भरून देणार नसाल तर रविवारी बसा. दिवसभर विड्या वळून बोटं आखडलेल्या बाईला सुई देऊ नका, कापडाच्या पट्ट्या फाडायला द्या. तेही कामच आहे, आणि कापड टर्रकन फाडण्यात काहींना बरंच मोकळं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. ‘त्या रात्री काय झालं, सांगा’ असं म्हणायचं नाही. घडलेलं लगेच बळंच बोलायला लावल्यानं बरं वाटत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो. ती आपणहून बोलली तर ऐकावं, हातातली शिवण न थांबवता. ठिगळाचा अर्थही लावत बसू नये. निळा तुकडा म्हणजे नदीच असं नाही, कधी निळाच तेवढा उरलेला असतो.

गेलेल्या माणसाचं कापड आलं तर कात्री तिच्याच हातात. धोतराचा काठ ती नुसता चाचपत बसेल, घडी घालून परत पिशवीत ठेवेल. ठेवू द्यावं. कापलंच तर निम्मं राखून ठेवायला सांगावं, कारण कापलेलं परत जुळत नाही आणि पुढं त्याचाच पस्तावा होतो.

टाका घालता घालता हात थांबला, नजर एका जागी खिळली, श्वास वर चढला, तर मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका, ती दचकेल. समोर बसून नावानं हाक मारा, पाय जमिनीला टेकवायला सांगा, दोऱ्याचा रंग कुठला ते विचारा. पाणी द्या. महिना उलटून गेला तरी झोप नाही, तेच तेच डोळ्यांसमोर येतंय, किंवा जिवाचं बरंवाईट करायची भाषा असेल, तर वाकळीवर भागत नाही. १४४१६ वर टेलि-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतवाहिनीला, फोन लावून द्यावा. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि भाषा निवडता येते. जीव द्यायची भाषा ऐकली तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन, आणि त्या बाईला एकटी सोडायचं नाही.

अहवालासाठी रडत्या चेहऱ्याचे फोटो मागणारे येतातच. त्यांना वाकळीची उलटी बाजू दाखवा. आणि उठताना कात्र्या मोजून घ्या. आठ आणल्या असतील तर आठच परत डब्यात.