तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफिसच्या कामाला लॅपटॉप कुठला घ्यावा?

गोव्यात फोंड्याला माझं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटीची विवरणपत्रं, दोन-तीन देवस्थानांचे जमाखर्च असं काम. येणारा कधी दुकानदार असतो, कधी शाळेतला क्लार्क. पण काम आटोपून उठता उठता हमखास विचारतो, "भाऊ, ऑफिसच्या कामाला लॅपटॉप कुठला घेऊ? आय-फाइव्ह की आय-सेव्हन?"

आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे इंटेलचे प्रोसेसर. त्यांचं लगेच सांगतो. टॅली, एक्सेल, ईमेल आणि ब्राउझरमध्ये उघडी पंधरा-वीस पानं, एवढ्याला आजचा मधल्या पायरीचा कुठलाही प्रोसेसर पुरतो. वाचलेले पैसे रॅममध्ये, म्हणजे उघडी कामं सांभाळणाऱ्या मेमरीत घाला. विंडोज ११ वर व्हिडिओ मीटिंग आणि मोठी एक्सेल फाइल एकदम उघडली की ८ जीबी अपुरी पडायला लागते, १६ घ्या. शिवाय रॅम स्लॉटमध्ये बसवलेली आहे की बोर्डावरच सोल्डर केलेली, हे आधी विचारा. सोल्डर केलेली आणि दुसरा स्लॉटही नसेल, तर पुढे ती वाढवता येत नाही.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझा पहिला लॅपटॉप घरगुती वापराचा होता, ४ जीबी सोल्डर केलेला. दोन वर्षांत तो रडतखडत चालायला लागला आणि तिसऱ्या पावसाळ्यात बिजागरी तुटून पडदा एका बाजूला लोंबायला लागला. तारीख २०, म्हणजे जीएसटीचं दरमहाचं ३बी विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून रात्रीपर्यंत मी लोकांची विवरणपत्रं भरली. ती धडधड अजून आठवते. तेव्हापासून दिवसाचे आठ तास हात आणि डोळे जिथे असतात, तिथून मी लॅपटॉप तपासायला सुरुवात करतो.

म्हणजे कीबोर्ड. उभ्या उभ्या चार कळा दाबून काही कळत नाही. दुकानात खुर्ची मागा, पंधरा मिनिटं बसा, आपलंच एखादं पत्र टाइप करा. देवस्थानचा वार्षिक अहवाल मी मराठीत, इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत टाइप करतो. त्यात ख, घ, थ, ध सगळे शिफ्ट दाबून येतात, त्यामुळे शिफ्टची कळ आखूड असली की संध्याकाळी करंगळी दुखते. इंग्रजीत काम करणाऱ्याला हे जाणवणारही नाही. तुम्ही मराठीत लिहीत असाल तर नक्की बघा. दिवसभर आकडेच भरायचे असतील तर उजवीकडे वेगळा नंबरपॅड असलेला १५-१६ इंची घ्या. १४ इंचीत तो सहसा नसतो. मग यूएसबीचा सुटा जोडावा लागतो.

दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच पडदे छान दिसतात. ऑफिसात खिडकी पाठीमागे आली की २५० निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) पडदा फिका पडतो. किमान ३०० निट्स, आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा) आणि न चकाकणारा पडदा मागा. १९२० बाय १२०० पिक्सेलचा मिळाला तर नेहमीच्या १९२० बाय १०८० पेक्षा एक्सेलच्या चार ओळी जास्त दिसतात, आणि ताळेबंद जुळवताना त्या चार ओळींचं मोल कळतं. पोर्ट मोजायला विसरू नका. डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी कांडी, बहुधा जुन्या चौकोनी यूएसबीचंच असतं. नुसती टाइप-सी असलेला देखणा लॅपटॉप घेतलात तर सही करायला आधी अडॅप्टर शोधत बसाल.

आता बॅटरी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. जाहिरातीतल्या तासांवर जाऊ नका, वॉट-तासाचा आकडा बघा. साध्या कामाला लॅपटॉप ८ ते १० वॉट ओढतो, म्हणजे ५० वॉट-तासाची बॅटरी पाच-सहा तास चालावी. दिवसभर चार्जर लावूनच बसणार असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा. सतत पूर्ण भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

लेनोव्होची थिंकपॅड, एचपीची एलिटबुक, डेलची लॅटिट्यूड (२०२५ पासून नवं नाव डेल प्रो) अशा बिझनेस मालिका महाग का, असंही विचारतात. दुरुस्तीचं पुस्तक कंपनी उघडपणे देते, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात, बरीच मॉडेल्स खालचे स्क्रू काढले की उघडतात. त्यासाठी जास्त पैसे मोजणं मला पटतं. बजेट कमी असेल तर अशाच मालिकेतला वापरलेला घ्यायलाही माझी हरकत नाही. फक्त इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको, कारण त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पैसे देण्याआधी वॉरंटीचा कागद मागून घ्या. त्यावर 'ऑनसाइट' लिहिलेलं असतं, पण कुठल्या गावापर्यंत ते नसतं. दुकानदारासमोरच कंपनीला फोन लावा, आपला पिनकोड सांगा, माझा ४०३४०१, आणि इंजिनिअर इथे येतो की लॅपटॉप घेऊन पणजीला जावं लागतं ते स्पष्ट विचारा. उत्तर ईमेलवर मागा.