कुंडीतला वाफसा

गेल्या जुलैत माझा कढीपत्ता गेला. मुलुंडच्या गॅलरीत चार वर्षं वाढवलेला. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा पाणी कमी पडतंय असं वाटून मी रोज एक तांब्या जास्त घातला. शेवटी उपटला तर मुळं काळी, मऊ, कुबट वासाची.

कुंडीच्या तळाशी चार बोटं खडी होती. निचऱ्यासाठी खडी घाला, असं सगळेच सांगतात. पण मातीची बारीक छिद्रं पाणी ओढून धरतात, खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ती ओढ नसते. त्यामुळे खडीलगतची माती गच्च भिजेपर्यंत पाणी खाली उतरतच नाही. म्हणजे खडीने चिखलाचा थर जात नाही, उलट वर, मुळांपाशी येतो.

भांडी घासायचा स्पंज घेऊन बघा. भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबलं की उभा करा. पुन्हा पाणी गळेल! स्पंज आडवा असो वा उभा, तळाचा गच्च भिजलेला पट्टा साधारण तेवढ्याच उंचीचा राहतो, त्याच्या वरचं पाणी निथळतं. उथळ कुंडीत तो पट्टा म्हणजेच जवळजवळ सगळी कुंडी.

हे मामाला फोनवर सांगत होते. त्याची शेती मंगळवेढ्याकडे, खोल काळ्या रानात. तिथे पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी उभी राहते. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक, म्हणून ती पाणी महिनोन्महिने धरते. त्यातलं काही तर इतकं घट्ट, की माती ओलसर असतानाही मुळांना ते ओढता येत नाही आणि पीक सुकतं.

मामाने एवढंच विचारलं, "वाफसा येऊ देतीस का गं?"

लहानपणापासून ऐकलेला शब्द, पण कुंडीशी मी तो कधी जोडलाच नव्हता. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून तिथे हवा शिरलेली, बारीक पोकळ्यांत ओल टिकलेली, तो वाफसा. मुळांना श्वासही हवा असतो. झड आत येणाऱ्या, ऊन नसलेल्या माझ्या गॅलरीत जुलैभर वाफसा आलाच नव्हता, आणि वर माझा तांब्या.

नवं रोप उंच कुंडीत लावलंय. खडी नाही, भोकावर फक्त जाळीचा तुकडा. तांबड्या मातीत शेणखत आणि विटांचे बारीक तुकडे सगळीकडे सारखे मिसळले. आज सकाळी बोट घातलं: वर कोरडी, दोन पेरं खाली गार. पाणी घातलं नाही.