टाइट एंडची उतरंड: 2025 च्या ड्राफ्टआधीचा हिशोब

मंडळी, आमच्या फँटसी फुटबॉल लीगचा (एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवायची, त्यांच्या कामगिरीवर आपल्याला पॉइंट) ड्राफ्ट, अर्थात आळीपाळीने खेळाडूंची निवड, यंदाही लेबर डेच्या सुट्टीत आहे, म्हणजे घरच्या गणपतीची आरती आणि ड्राफ्ट एकाच रविवारी. बाकीच्या पोझिशन्सचं शीट मागेच लावून झालं. टाइट एंडवर (ब्लॉकिंगही करणारा आणि बॉलही झेलणारा खेळाडू) मात्र मुद्दाम जास्त वेळ घालवला आणि आता यादी पक्की झाली आहे.

आमची लीग बारा टीमची, कॅचला अर्धा पॉइंट. हे आधीच सांगतो, कारण बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच रँकिंग्ज पूर्ण पीपीआर (कॅचला एक पूर्ण पॉइंट) धरून केलेल्या असतात आणि टाइट एंडच्या बाबतीत या अर्ध्या पॉइंटने सगळं चित्र बदलतं. ब्रॉक बाउअर्सने 2024 मध्ये रूकी (पहिल्याच वर्षाचा खेळाडू) असताना 112 कॅच, 1194 यार्ड आणि 5 टचडाउन केले. जॉर्ज किटलचे 78 कॅच, 1106 यार्ड, 8 टचडाउन. पूर्ण पीपीआरमध्ये नुसत्या रिसिव्हिंगचे बाउअर्सचे 261.4 होतात, किटलचे 236.6. फरक जवळपास पंचवीसचा. आमच्या स्कोअरिंगला तेच आकडे 205.4 आणि 197.6 वर येतात. आणि बाउअर्स सगळे 17 सामने खेळला, किटल 15. सामन्यामागे काढलं तर किटल 13.2, बाउअर्स 12.1!

तरीही माझ्या यादीत बाउअर्स वरच आहे. कारण टार्गेट्स. रेडर्सनी त्याच्याकडे 153 वेळा बॉल फेकला, किटलकडे 94 वेळा. इतक्या कमी टार्गेट्सवर अकराशे यार्ड काढणं ही किटलची कमालच आहे, पण टचडाउन दोन-तीनने घटले की तो आकडा लगेच खाली येतो. शिवाय ऑक्टोबरात तो 32 चा होईल. त्याच्या बाजूने बोलायचं तर त्याच्या टीमच्या रिसीव्हर्सपैकी डीबो सॅम्युअल वॉशिंग्टनला गेला आहे आणि ब्रँडन आयुक गुडघ्यातून सावरतोय, तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यांत बॉल त्याच्याकडेच जाणार. दुसऱ्या राउंडमध्ये बाउअर्स घेण्यापेक्षा तिथे रिसीव्हर उचलून चौथ्यात किटल मिळत असेल, तर मी तोच सौदा करीन.

ट्रे मॅकब्राइडचं गणित उलटं आहे. 111 कॅच, 1146 यार्ड आणि रिसिव्हिंग टचडाउन फक्त 2. एवढे कॅच घेणाऱ्याला इतके कमी टचडाउन मिळणं फार काळ टिकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत मी गेल्या वर्षाचा एकूण आकडा बाजूला ठेवून 147 टार्गेट्सच बघतो. पहिला टियर (गट) या तिघांचा, आणि तो इथेच संपतो.

माझ्या शीटमधला सगळ्यात बोलका भाग या टियरच्या खालचा आहे. 2024 चे हे तिघे शेजारी शेजारी ठेवून बघा: सॅम लापोर्टा 60 कॅच, 726 यार्ड, 7 टचडाउन. झॅक अर्ट्झ 66, 654, 7. पॅट फ्रायरमुथ 65, 653, 7. आमच्या स्कोअरिंगला 144.6, 140.4 आणि 139.8. आख्ख्या सीझनमध्ये पाच पॉइंटांचाही फरक नाही! लापोर्टा तेव्हा पहिल्या काही राउंड्समध्येच जात होता, आणि उरलेले दोघे बऱ्याच लीगमध्ये वेव्हरवर (कोणीच न घेतलेल्यांच्या यादीत) पडून होते. जॉनू स्मिथचंही तेच. मायामीसाठी त्याने 88 कॅच आणि 8 टचडाउन केले, पण ड्राफ्टमध्ये त्याचं नावही कोणी घेत नव्हतं. (यंदा तो पिट्सबर्गला, फ्रायरमुथच्या शेजारी. दोघांचाही वाटा कमी होणार, मी दोघांपासून लांब.)

म्हणून पाचवा ते आठवा राउंड मी टाइट एंडसाठी पूर्ण बंद ठेवला आहे. मॉक (सरावाच्या) ड्राफ्ट्समध्ये हे नेटाने पाळलं, आणि त्या राउंड्समध्ये दुसरा-तिसरा रनिंग बॅक इतका चांगला मिळतो की टीमचा तोल एकदम सुधारतो. लापोर्टा मला मनापासून आवडतो, पण अटॅक आखणारा कोच बेन जॉनसन शिकागोला गेल्यावर डेट्रॉइटचा अटॅक तसाच चालेल असं धरून मी पिक खर्च करणार नाही. ट्रॅव्हिस केल्सीचंही तसंच. 2020 चे 1416 यार्ड आजही टाइट एंडचा एका सीझनचा विक्रम आहेत, पण गेल्या वर्षी 97 कॅचवर 823 यार्ड आणि 3 टचडाउन. नावाची किंमत मोजायची नाही.

उशिराच्या राउंड्ससाठी मी आता स्नॅप्स (किती डाव मैदानावर होता) बघणं सोडून रूट्स (किती वेळा पास घ्यायला धावला) बघतो. टाइट एंड मैदानावर असला तरी निम्मा वेळ ब्लॉकिंगला थांबत असेल, तर आपल्याला त्याचा काही उपयोग नाही. या चाळणीतून दोन नावं उरली: ग्रीन बेचा टकर क्राफ्ट आणि कोल्ट्सने 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये 14 व्या पिकला घेतलेला टायलर वॉरन. रूकी टाइट एंड टाळावा हा जुना नियम 2023 मध्ये लापोर्टाने आणि 2024 मध्ये बाउअर्सने मोडला, दोघेही आपापल्या पहिल्याच वर्षी पीपीआरमध्ये अव्वल होते. म्हणून वॉरनला मी क्राफ्टच्या एक घर वर ठेवलं आहे.

आता एकच गोष्ट लावायची राहिली. मला नववा पिक आहे. मॅकब्राइड तिसऱ्या राउंडमध्ये माझ्यापर्यंत आला तर उचलायचा, की किटलसाठी चौथ्याची वाट बघायची? आज माझा कल मॅकब्राइडकडे आहे. तुमच्या लीगमध्ये तो कितव्या राउंडला जातोय, जरूर कळवा.