तुम्ही विचारलंत म्हणून: अल्बमवर ड्रम्स कोणाचे?

आमच्या मेटलकोर (हेवी मेटल आणि हार्डकोर पंक यांच्या मिश्रणाच्या) बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम ऐकलेले जाणकार मला हटकून एकच प्रश्न विचारतात : यावर ड्रम्स नक्की कोणी वाजवले आहेत? वडोदऱ्यात विचारणारे बहुतेक जण नवरात्रात आमच्या ड्रमरच्या ठेक्यावर गरबा खेळलेले असतात, त्यामुळे 'हा हात त्याचा वाटत नाही' हेही ओघाने येतेच. आजवर मी विषय बदलत आलो. आता लिहूनच टाकतो.

वाजवले त्याने, पण ऐकू येते ते दुसरेच. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर, भिंतींना रजया टांगून आणि ऐन मे महिन्यात पंखा बंद ठेवून, त्याने नऊही गाणी क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात चालणाऱ्या ठरावीक टकटकीवर, वाजवली. नंतर मी संगणकावर त्याचा एकेक आघात ओढून क्लिकच्या रेषेवर बसवला, बास ड्रम आणि स्नेअरच्या (काठीने वाजवायच्या मुख्य ड्रमच्या) जागी विकतचे सॅम्पल, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेले आघात, भरले आणि दोन गाण्यांतले डबल पेडल (दोन्ही पायांनी वाजवायचे बास ड्रमचे आघात) तर सरळ माउसनेच लिहिले.

यात जगावेगळे काही नाही, हे मी आजही म्हणेन. ब्रेकडाउनमध्ये गाणे एकदम अर्ध्या लयीत उतरते, तेव्हा सर्वांत जाड तार 'सी'पर्यंत उतरवलेल्या गिटारी आणि बास ड्रम एकाच क्षणी कोसळावे लागतात. त्यांच्यात वीस-तीस मिलिसेकंदांचे अंतर पडले, तरी घाव फुटतो. आमच्या ड्रमरचा हात घडला तो गरब्याच्या हींच ठेक्यात. सहा मात्रांच्या त्या ठेक्याचा झोका त्याच्या डाव्या हातात कायमचा मुरला आहे, म्हणून त्याचा स्नेअर केसभर मागे पडतो. मैदानात पावले त्यामागे खुशाल जातात. माझ्या पडद्यावर ती चूक दिसत होती.

तेव्हा मी स्वतःला किलस्विच एंगेज या अमेरिकन मेटलकोर बँडचा दाखला देत असे. त्यांच्या 2000 सालच्या पहिल्या अल्बमवर ड्रम्स वाजवणारा ॲडम डट्कीविच ध्वनिमुद्रणाची बाजूही सांभाळत होता आणि पुढे त्याने गिटार हाती घेतली. मग एकाच माणसाने सगळे पाहिले तर बिघडले कुठे? दाखला लंगडा होता. तो स्वतःचे वाजवणे हाताळत होता, मी दुसऱ्याचे पुसत होतो, आणि तेही त्याला न विचारता.

मिक्स पूर्ण झाले त्या संध्याकाळी तो कामावरून परस्पर माडीवर आला, येताना दोघांसाठी शेव-उसळ बांधून घेऊन. हेडफोन लावून ऐकताना त्याची बोटे मांडीवर वाजत होती. तिसऱ्या गाण्यात ती अडखळली, पुन्हा सुरू झाली आणि थांबली. त्याने हेडफोन गळ्यात उतरवले.

"आवाज मस्त आलाय रे. वाजवलं कोणी?"

"तूच."

यावर तो काही बोलला नाही. त्याने त्या गाण्याचे मूळ ड्रम्स तेवढे लावायला सांगितले. ब्रेकडाउनच्या तोंडाशी त्याची काठी स्नेअरच्या कडेवर आपटली होती, ती टक्क ऐकून तो किंचित हसला. "एवढं तरी ठेवायचं होतंस."

"तिथे गिटारशी जुळत नव्हतं."

"मग गिटार मागे घ्यायची."

माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर, ती शक्यता मला तोवर सुचलीच नव्हती. तर्रीवर तेलाची साय धरली होती. अल्बमवर नाव ठेवू ना, असे मी विचारले, तेव्हा चप्पल घालता घालता तो म्हणाला, "ठेव. आईला दाखवायचंय."

तो आजही आमच्याबरोबर वाजवतो. रंगमंचावर आम्ही क्लिक बंद ठेवतो आणि गिटारी त्याच्या मागून जातात; तुम्हाला फरक जाणवतो तो बहुधा तिथूनच. अल्बममध्ये मात्र मी काही बदललेले नाही, आणि तो अल्बम मला आवडतो, हेही लपवत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी तिसरे गाणे त्याच्या मूळ ड्रम्सवर पुन्हा बांधून पाहिले, गिटारी मागे सरकवून. ब्रेकडाउनपर्यंत ते आधीपेक्षा चांगले वाटते. ब्रेकडाउन लंगडतो, निदान माझ्या कानाला तरी. त्याला ते अजून ऐकवलेले नाही.